वेबसाइटचं नाव बदलायचं तर बदला, पण जुनं डोमेन सोडू नका



एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. "सर, माझी वेबसाइट चार-पाच वर्षं जुनी आहे, गुगलवर बऱ्यापैकी वर येते. आता नवीन नाव घ्यायचं आहे. रँकिंग जाईल का?" व्हिडिओत याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, पण मग अर्धवट राहतं. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दहापैकी सात-आठ जणांना डोमेन बदलायची गरजच नसते. नवीन नाव छान वाटतं, एवढंच कारण असतं. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी जरूर बदलावं, रँकिंग फारसं न गमावता ते जमतं. पण एक अट आहे. जुनं डोमेन सोडायचं नाही. वर्षभर नाही, दोन वर्षं नाही, जोवर धंदा आहे तोवर नाही.

आपल्या गडचांदूरकडे बघा. माणिकगड सिमेंट 2019 पासून अल्ट्राटेककडे गेली. पण चौकात उभं राहून कुणाला विचारा, तो "माणिकगड"च म्हणणार. आवाळपूरचा कारखाना एल अँड टीकडून 2004 मध्ये अल्ट्राटेक झाला, तरी "एल अँड टीला ड्युटी हाय" असं म्हणणारे अजून भेटतात. चांद्याचं चंद्रपूर होऊन किती वर्षं झाली, पण रेल्वे स्टेशन अजून "चांदा फोर्ट"च आहे. लोकांच्या तोंडातलं नाव बदलायला एक पिढी लागते. पण यात कारखान्याचं काही नुकसान झालं का? नाही झालं, कारण गेट तिथंच होतं. पाटी बदलली तरी ट्रक त्याच रस्त्यानं येत राहिले.

वेबसाइटचं तसं नसतं भाऊ. तिथे डोमेन हीच पाटी आणि डोमेन हाच रस्ता. नाव बदललं की रस्ताही बदलतो. आणि जुन्या रस्त्यावर तुम्ही कुणाला उभं केलं नाही तर आलेला गिऱ्हाईक "पेज सापडलं नाही" वाचून परत जातो. गुगलही तसंच परत जातं.

समजा तुमचं गडचांदूरला हायड्रॉलिक होज दुरुस्तीचं दुकान आहे. डंपर, पोकलेन, लोडर यांचे होज फुटले की ताबडतोब लागतात, गाडी उभी राहिली की मालकाचं तासातासाला नुकसान. तुम्ही पाच वर्षांपूर्वी एक साधी वेबसाइट केली. हळूहळू चाळीस पानं झाली. कुठल्या मशिनला कोणता होज, क्रिम्पिंग कसं करतात, साइटवर येऊन काम करता का, वगैरे. आज वणी, राजुरा, घुग्घुस, अगदी आदिलाबादकडूनही फोन येतो, तो बहुतेक या पानांमुळे. कुण्या ठेकेदारानं आपल्या साइटवर तुमची लिंक दिलेली, कुण्या मशिनरीवाल्या यूट्यूबरनं व्हिडिओखाली दिलेली. हे सगळं गुगलनं जुन्या पत्त्याच्या नावावर जमा केलंय. प्रत्येक पानाचा वेगळा पत्ता आणि प्रत्येक पत्त्याचं वेगळं खातं, असं धरून चाला. डोमेन बदलताना ही चाळीस खाती नव्या नावावर नीट वर्ग करायची असतात. काम एवढंच आहे, आणि नुकसान होतं ते याच कामात आळस केल्यानं.

आता कारणांकडे येतो, कारण खरा घोळ तिथं आहे.

"नावात कीवर्ड घातला तर वर येईल" हे एक कारण मी नेहमी ऐकतो. होज रिपेअर गडचांदूर बेस्ट डॉट कॉम, असलं काहीतरी. गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की डोमेनमधल्या कीवर्डचा रँकिंगवर जवळजवळ काही परिणाम होत नाही. म्हणजे पाच वर्षांची जमा हलवायची आणि मिळणार शून्य. दुसरं कारण, "डॉट कॉमवरून डॉट इनवर गेलो तर भारतात वर येऊ." डॉट इनवरून साइट भारतातली आहे एवढं गुगलला कळतं, हे खरं. पण तुमच्या पानावर चंद्रपूर जिल्ह्याचा पत्ता आहे, भारतातला फोन नंबर आहे, भाषा मराठी आहे. ते त्याला आधीच कळलेलं असतं. नवीन साइट काढताय तर डॉट इन जरूर घ्या. चालू साइट त्यासाठी हलवू नका. मराठीतून डॉट भारत घ्यायची हौस असेल तर तेही घ्या, 2014 पासून देवनागरीत मिळतं, पण ते सोबतीला ठेवा. देवनागरी पत्त्याचा ईमेल अजून अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत.

तिसरं कारण, "छोटं आणि स्टायलिश नाव हवं." अमेरिकेत ओव्हरस्टॉक नावाची मोठी ऑनलाइन विक्री कंपनी होती. 2011 मध्ये त्यांनी "ओ डॉट को" हे नाव मिरवायला सुरुवात केली. दिसायला किती सुटसुटीत! पण लोक सवयीनं "ओ डॉट कॉम" टाइप करायला लागले आणि भलतीकडेच पोचायला लागले. त्याच वर्षी कंपनी जुन्या नावाकडे वळली. त्यांच्याकडे जाहिरातीला कोट्यवधी डॉलर होते. तुमच्या-माझ्याकडे नाहीत.

मग योग्य कारणं कोणती? भागीदारी तुटली आणि नाव दुसऱ्याकडे गेलं. ट्रेडमार्कची नोटीस आली. किंवा नावच पुढे अडचणीचं ठरेल असं दिसतंय. आपला झोमॅटो आठवा. 2008 मध्ये तो "फूडीबे" होता. नावाच्या शेवटी "ईबे" येत होतं, उद्या तंटा होऊ शकला असता. 2010 मध्ये नाव बदललं, म्हणजे कंपनी लहान असतानाच. बदलायचंच असेल तर लवकर बदला, हे मी त्यावरून सांगतो. पन्नास पानांची साइट हलवणं आणि पाच हजार पानांची हलवणं यात फार फरक आहे.

आणि एक कारण असं आहे की ज्यात मी म्हणेन, आजच हलवा: तुमची साइट दुसऱ्याच्या डोमेनवर फुकटात बसलेली असेल तर. आपल्या भागातल्या कितीतरी दुकानदारांनी गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट काढली होती, शेवटी "बिझनेस डॉट साइट" असायचं. हॉटेलवाले, मोबाइलवाले, ब्युटी पार्लरवाल्या ताई, सगळ्यांनी. कार्डावर छापली, गाडीवर रंगवली. मार्च 2024 मध्ये गुगलनं ती सगळी बंद केली. 10 जून 2024 पर्यंत जुना पत्ता टाकला की प्रोफाइल उघडायचं, त्यानंतर तेही थांबलं. जागा गुगलची, नियम गुगलचे, आपण भाडेकरूसुद्धा नव्हतो कारण भाडंच देत नव्हतो. ज्यांनी त्या तीन महिन्यांत स्वतःचं डोमेन घेतलं ते सावरले. कार्ड मात्र सगळ्यांनाच नवीन छापावी लागली.

ब्लॉगस्पॉटवर असाल तर तुमचं नशीब बरं आहे. तिथे स्वतःचं डोमेन जोडता येतं आणि जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो, पैसे फक्त डोमेनचे. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट पत्त्यावर असाल तर वळवण्याचे वेगळे पैसे लागतात. द्या ते.

आता सगळ्यात मोठं उदाहरण, आणि ते तुमच्या खिशात आहे. 2025 मध्ये या देशातल्या सगळ्या बँकांनी डोमेन बदललं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारीच्या पतधोरणात घोषणा केली, 22 एप्रिल 2025 ला परिपत्रक काढलं आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्यांनी "डॉट बँक डॉट इन"वर यायचं असं बजावलं. मोठ्या बँकाच नाहीत, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात आल्या. हे नाव कुणालाही विकत मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था फक्त बँकांनाच ते देते. उद्देश साधा, बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेऊन लोकांना फसवणाऱ्यांना आळा घालायचा. बँक ऑफ महाराष्ट्रचा पत्ता आता "बँकऑफमहाराष्ट्र डॉट बँक डॉट इन" आहे.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, कारण ठोस होतं, हौस नव्हती. दुसरी गोष्ट तुम्ही स्वतः करून बघा. तुमच्या बँकेचा जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि वरच्या पट्टीत काय होतं ते पाहा. पट्टीतला पत्ता डोळ्यांदेखत बदलला की त्याला रिडायरेक्ट म्हणतात, आणि तुम्हाला नेमकं हेच करायचंय. (जाता जाता: "बँकेचा पत्ता बदललाय, इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर क्लिक करू नका. पत्ता स्वतः टाइप करा.)

तर करायचं कसं?

सगळ्यात आधी, काहीही विकत घेण्याच्या आधी, जुनं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. लाजू नका, विचारा. आपल्याकडे नव्वद टक्के वेळा पोरगं वेबसाइट करून देतं आणि डोमेन स्वतःच्याच खात्यातून घेतं. त्याच्या मनात वाईट नसतं, सोयीचं असतं म्हणून घेतो. पण तो पुण्याला नोकरीला लागला, नंबर बदलला, की तुमच्या पाच वर्षांच्या कमाईची किल्ली त्याच्या विसरलेल्या पासवर्डात. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर हवं. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत डोमेन वर्ग करता येतं, आणि त्यानं रँकिंगला धक्का लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक तीन गोष्टी एकच समजतात. डोमेन विकणारी कंपनी बदलणं वेगळं, होस्टिंग बदलणं वेगळं आणि डोमेनचं नाव बदलणं वेगळं. आपण बोलतोय ते तिसऱ्याबद्दल.

नवीन नाव घेताना त्याचा इतिहास तपासा. वेबॅक मशीनवर नाव टाकलं की त्या पत्त्यावर पूर्वी काय होतं ते दिसतं. सट्टा-जुगाराची साइट असेल तर घेऊ नका, कितीही गोड नाव असो.

मग माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. नाव बदलताना फक्त नाव बदला. लोक काय करतात, नाव बदलायचंच आहे तर डिझाइनही नवीन करू, पानांची नावंही बदलू, जुनी पानं काढून टाकू, होस्टिंगही बदलू. सगळं एकाच रविवारी. आणि मग रँकिंग पडलं की कशामुळे पडलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. जुन्या साइटवर डोमेननंतर जे काही येतं, ते नव्या साइटवर अक्षर न अक्षर तसंच ठेवा. "जुनंनाव डॉट कॉम, तिरपी रेघ, होज-क्रिम्पिंग" असेल तर "नवंनाव डॉट इन, तिरपी रेघ, होज-क्रिम्पिंग". याचा फायदा असा की सर्व्हरवर एकच छोटा नियम लिहिला की चाळीसही पानं आपापल्या जागी वळतात. तुमच्या डेव्हलपरचं अर्ध्या तासाचं काम. पानांची नावं बदलली की मात्र प्रत्येकाची जोडी वेगळी लिहावी लागते, आणि तिथे चुका होतात. नवीन डिझाइन चार महिन्यांनी करा. काही बिघडत नाही.

डेव्हलपरला दोन वाक्यं नेमकी सांगा. पहिलं, "रिडायरेक्ट 301 पाहिजे, 302 नको." 301 म्हणजे कायमचं घर बदललं, 302 म्हणजे चार दिवस पाहुणा गेलोय. दुसरं, "प्रत्येक पान त्याच्या जोडीदार पानावर वळव, सगळी पानं होमपेजवर नको." हा शॉर्टकट फार चालतो. क्रिम्पिंगची माहिती शोधत आलेल्या माणसाला होमपेजवर आणून सोडलं तर तो वैतागतो. गुगलही अशा वळवण्याला "हे पान आता नाही" असंच समजतं. मग त्या पानाची जमा गेली. 301 नीट लावला तर मात्र जमा पुढे जाते. वळवल्यामुळे पेजरँक कमी होत नाही, असं गुगलच्या माणसांनी 2016 मध्येच सांगितलंय.

बदल झाल्यावर सर्च कन्सोलमध्ये जुनं आणि नवं, दोन्ही डोमेन तुमच्या खात्यात जोडून घ्या. फुकट आहे. तिथे "चेंज ऑफ अॅड्रेस" नावाचं साधन आहे, जुन्या डोमेनच्या सेटिंगमध्ये. त्यातून गुगलला रीतसर कळवता येतं की आम्ही तिकडून इकडे आलो. पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज देतो तसंच. हा अर्ज 180 दिवस कामाचा असतो. रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, जमेल तितकं जास्त ठेवा, असं गुगल सांगतं. साइटमॅप नवा द्या. साइटच्या आतल्या लिंका नव्या पत्त्याच्या करा. आणि एक बारीक गोष्ट बघा: नवीन साइट तयार करताना डेव्हलपर गुगलनं ती वाचू नये म्हणून "नोइंडेक्स" लावून ठेवतात. ते काढायला विसरले तर साइट दिसायला झकास, गुगलवर मात्र शून्य.

जुन्या डोमेनचं एसएसएल प्रमाणपत्रही चालू ठेवावं लागतं, हे बरेच जण विसरतात. ते संपलं की जुन्या लिंकवरून येणाऱ्याला आधी लाल इशारा दिसतो, "ही साइट सुरक्षित नाही". कोण पुढे जाईल?

आता परत त्या जुन्या डोमेनच्या हट्टाकडे येतो. "वर्ष झालं सर, गुगलनं नवं नाव घेतलं, आता जुन्याचे पैसे काहून भरायचे?" डोमेनचं नूतनीकरण वर्षाला साधारण हजार रुपये, थोडं इकडे-तिकडे. एका होजच्या कामात निघतात. आणि सोडलं तर काय होतं ते ऐका. डॉट कॉमची मुदत संपली की काही दिवस सवलतीचे मिळतात, मग 30 दिवस दंड भरून परत घेता येतं, त्यानंतर पाच दिवसांत ते मोकळं होतं. जुन्या, लिंका असलेल्या डोमेनवर टपून बसणारी मंडळी असतात. तुमच्या ठेकेदारानं दिलेली लिंक, यूट्यूबरनं दिलेली लिंक, सगळं आता त्यांच्या साइटकडे जाणार. तिथे सट्ट्याची जाहिरात दिसली तर गिऱ्हाईक तुम्हालाच फोन करून विचारणार.

रँकिंगपेक्षा मला दुसरीच भीती जास्त वाटते. ईमेलची. जुन्या डोमेनवर तुमचा ईमेल असेल, तर तो कुठे कुठे दिलाय ते आठवा. जीएसटी पोर्टल, उद्यम नोंदणी, जेम पोर्टल, बँक, कारखान्यातली व्हेंडर नोंदणी. डोमेन ज्याच्या हाती, त्या ईमेलवर येणारी पत्रं त्याच्या हाती. "पासवर्ड विसरलात?" दाबलं की लिंक त्याच्याकडे जाणार. सिमेंट कंपनीची निविदेची चौकशी जुन्या पत्त्यावर आली तर तुम्हाला कळणारही नाही. म्हणून नवीन डोमेनवर ईमेल सुरू केला तरी जुना चालू ठेवा, येणारी पत्रं नव्यावर वळवा आणि एकेक करून सगळीकडे नोंद बदला. याला महिने लागतात. कारखान्याच्या खरेदी विभागात एका व्हेंडरचा ईमेल बदलायला किती फेऱ्या होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुकान असणाऱ्यांसाठी आणखी एक. तुमचे निम्मे फोन साइटवरून येतच नाहीत, गुगल मॅपवरच्या बिझनेस प्रोफाइलवरून येतात. तिथे फक्त वेबसाइटचा रकाना बदलायचा. नवीन नावाचं नवीन प्रोफाइल काढू नका! जुन्यावरचे रिव्ह्यू तिथेच राहतात आणि एकाच पत्त्यावर दोन प्रोफाइल झाले की गुगल गोंधळतं. दुकानाचं नावही बदललं असेल तर त्याच प्रोफाइलमध्ये नाव दुरुस्त करा. आणि साइटवर एका ओळीत "पूर्वीचे अमुक अमुक" असं लिहा. छत्रपती संभाजीनगरचे व्यापारी पत्त्यात अजून कंसात औरंगाबाद लिहितात, कारण शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात. तुमचेही शोधतील.

कधी करायचं, हे धंद्यावर आहे. ताडोब्याजवळ होमस्टे असेल तर 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद असतो, तेव्हा करा. सिमेंट-बांधकामाशी संबंधित काम असेल तर भर पावसाळा बरा. मार्चएंडला आणि दिवाळीच्या तोंडावर हातही लावू नका. कारण सगळं नीट केलं तरी काही आठवडे आकडे वरखाली होतात. गुगलच सांगतं की मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं हलायला काही आठवडे लागतात. या काळात दोन जण तुम्हाला त्रास देतील. एक तुमचा स्वतःचा जीव, जो तिसऱ्याच दिवशी म्हणेल की परत जुन्यावर जाऊ. जाऊ नका, उलटसुलट केल्यानं आणखी गोंधळ होतो. दुसरा म्हणजे "पंधरा दिवसांत पहिल्या नंबरची गॅरंटी" देणारा फोन. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगलनंच लिहून ठेवलंय.

रोज रँकिंग बघत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा आणि न सापडलेल्या पानांची यादी बघा. त्यात जुन्या साइटचं एखादं पान दिसलं तर त्याचा रिडायरेक्ट राहिलाय, डेव्हलपरला पाठवा. शेजारी एका वहीत फोन लिहीत चला: कुठून आला, काय पाहिजे होतं, नंबर कुठे मिळाला. बदलाच्या आधी महिनाभर ही वही सुरू करा, म्हणजे नंतर तुलना करायला काहीतरी हातात असेल. आणि डोमेन नूतनीकरणाची तारीख दोन्ही नावांसाठी मोबाइलमध्ये टाका, ऑटो-रिन्यूअल लावलं असलं तरी. कार्डाची मुदत संपली की ऑटो-रिन्यूअल गुपचूप फेल होतं.